तेलकटाला सोडा, पांढऱ्याला आंबट: घरी क्लीनर करायला बसण्याआधी हे वाचा

ठाण्यात कोलशेत रोडला आमचा वन बीएचके आहे. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मोठा कुकर ठेवायला जागा शोधत होतो म्हणून सिंकखालचं कपाट उघडलं तर आत नऊ बाटल्या. भांड्यांची वेगळी, लादीची वेगळी, काचेची वेगळी, टाइल्सची वेगळी, नळाची वेगळी, त्यातल्या दोन तर आतून एकच, फक्त रंग निळा आणि गुलाबी. वर आमचं बाथरूम एवढंसं, खिडकी म्हणजे डक्टकडे उघडणारी फट, तिथे ते ॲसिडवालं ओतलं की मला पंधरा मिनिटं ठसका लागायचा. म्हटलं बास, घरीच करू, नेटवर सगळे करतात.

पुढच्या सहा महिन्यांत मी जे केलं त्यातलं निम्मं चुकलं. एक बाटली फुटली, देव्हाऱ्याचा संगमरवर कायमचा मळका दिसायला लागला आणि भांडीवाल्या मावशी काम सोडायच्या बेतात होत्या. आता बऱ्यापैकी जमतंय, म्हणून सुरुवातीपासून क्रमाने लिहितोय. घाईत असाल तर बाकी काही नाही वाचलं तरी चालेल पण १ आणि ३ वाचाच.

१. आधी घाण कसली आहे ते ओळखा

माझी सगळ्यात मोठी चूक ही होती की मी "एकच जादूचं लिक्विड" शोधत होतो. तसं काही नसतं. घरातली घाण ढोबळमानाने दोन प्रकारची, एक तेलकट-चिकट (ओटा, चिमणी, कढई, स्विचबोर्ड, गॅसमागच्या टाइल्स) आणि दुसरी पांढरी खरखरीत, म्हणजे पाण्यातला क्षार (नळ, शॉवर, काचेचं पार्टिशन, चहाची किटली, बादलीच्या आतली रेघ). पहिलीला अल्कली लागते, म्हणजे सोडा. दुसरीला आम्ल लागतं, म्हणजे काहीतरी आंबट. उलटं केलंत तर तासभर घासत बसाल.

हे मला आईने सांगितलं, आणि तिला केमिस्ट्रीतलं ओ की ठो कळत नाही. आई मूळची चिपळूणची. ती म्हणाली, अरे आम्ही चुलीवरची तेलकट भांडी राखेने घासायचो आणि देवाची पितळी भांडी चिंचेने, कधी उलटं केलं नाही. मग मी वाचलं तर खरंच आहे, लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कली, ओल्या राखेने तेलकट भांडं घासलं की तेलाचा थोडा थोडा साबणच होतो. आणि चिंचेत टार्टारिक आम्ल, ते तांब्या-पितळेवरचा काळा थर विरघळवतं.

ह्यात तुमच्याकडे पाणी कुठलं येतं ते पण महत्त्वाचं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवेल चालू होते, त्यामुळे नळाच्या तोंडाला दोन आठवड्यांत पांढरी टोपी तयार. माझी बहीण नेरूळला राहते, तिच्याकडे मोरबे धरणाचं पाणी, तिचा शॉवर पाच वर्षं झाली तरी नव्यासारखा. ती मला विचारते की तू एवढं सायट्रिक ॲसिड कशाला आणतोस, तिला खरंच कळत नाही. तेव्हा दुसऱ्याच्या घरी काय चाललं ह्यावर जाऊ नका, आपल्या बादलीच्या आतून बोट फिरवून बघा. खरखरीत लागलं तर पाणी जड आहे.

आणि एक, जड पाणी असेल तर साबणाच्या वडीचे उरलेले तुकडे किसून लिक्विड बनवायची जी रेसिपी सगळीकडे फिरते ती करू नका. जड पाण्यात साबणाची साय होते, ती भांड्यावर आणि लादीवर पांढरट बसते आणि वर तुम्हाला वाटतं की नीट धुतलं नाही म्हणून अजून साबण टाकता.

२. काय काय लागेल

सगळं एकदम आणू नका, मी आणलं आणि अर्धं पडून राहिलं. ह्यातलं पहिल्या महिन्यात फक्त सायट्रिक ॲसिड, धुण्याचा सोडा आणि रिठे घ्या.

- रिठे, पाव किलो. ठाण्यात जांभळी नाक्याला काष्ठौषधीवाल्याकडे मिळतात, नवी मुंबईवाल्यांना वाशीच्या मसाला मार्केटला बघता येतील. बिया काढलेले मागा, नाहीतर वजनात बियांचे पैसे देता.
- सायट्रिक ॲसिड, किराणावाला लिंबूफूल म्हणतो. साखरेसारखं दिसतं, म्हणून डब्यावर ठळक नाव लिहा. माझ्या बायकोने एकदा सरबतात ते साखर समजून घातलंय.
- धुण्याचा सोडा. हा खायच्या सोड्यापेक्षा खूप कडक, हाताला लावायचा नाही.
- खायचा सोडा, सुटा किलोने घ्या, केकवाली छोटी डबी परवडत नाही.
- पांढरं व्हिनेगर. हे मी आता जवळजवळ वापरतच नाही, सायट्रिक ॲसिडला वास नाही आणि स्वस्त पडतं. असेल घरात तर संपवा.
- गूळ, काळपट आणि सगळ्यात स्वस्त. चिक्कीचा सोनेरी गूळ घेऊ नका, वाया.
- मोसंबी-लिंबू-संत्र्याच्या साली, ह्या फुकट मिळतात, कशा ते पुढे.
- रबरी हातमोजे, जुन्या सुती साडीचे किंवा बनियनचे फडके, दोन स्प्रे बाटल्या, एक गाळणं जे परत स्वयंपाकात जाणार नाही.
- मार्कर आणि चिकटपट्टी. हसू नका, ह्याच्याशिवाय तिसऱ्या आठवड्यात कुठल्या बाटलीत काय आहे ते कळत नाही.

३. हे एकत्र करायचं नाही

घरचं आहे, नैसर्गिक आहे, म्हणजे काही होत नाही असं वाटतं ना, तिथेच गडबड होते.

ब्लीच आणि काहीही आंबट. व्हिनेगर, सायट्रिक, लिंबू, खाली सांगितलेलं बायोएन्झाइम, बाजारातलं टॉयलेट क्लीनर (बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं), ह्यातलं काहीही ब्लीचमध्ये किंवा ब्लीचिंग पावडरमध्ये गेलं की क्लोरीन वायू सुटतो. आपल्याकडच्या बाथरूममध्ये, दार बंद, खिडकी फटीएवढी, हे जिवावर बेतू शकतं. एकाच दिवशी दोन्ही वापरायचे असतील तरी नको, एक आज, भरपूर पाणी मारा, दुसरं उद्या. ब्लीच आणि अमोनियावालं काच-क्लीनर हे पण एकत्र नको, त्यातूनही विषारी वायू येतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका बाटलीत भरायचं नाही.

आणि आता सगळ्यांचं लाडकं, व्हिनेगर आणि खायचा सोडा. व्हिडिओत काय मस्त फेस येतो. तो फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड, आम्लाने सोड्याला मारलं आणि सोड्याने आम्लाला, खाली उरतं ते पाणी आणि थोडं सोडियम ॲसिटेट, ज्याने काही साफ होत नाही. म्हणजे दोन चांगल्या वस्तू घेऊन त्याचं खारट पाणी केलं. मी हे मिश्रण स्प्रे बाटलीत भरून झाकण घट्ट लावून ठेवलं होतं, रात्री टप्प करून आवाज आला आणि नोझल समोरच्या भिंतीवर. तुंबलेल्या मोरीत फेसाच्या धक्क्याने थोडं हलतं कधीकधी, तेवढाच उपयोग. बाकी एक आज वापरा, धुवा, मग दुसरं.

संगमरवर, कडप्पा, कोटा, ह्यांच्यावर आंबट काहीही नको. हे सगळे दगड मुळात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे नळावरचा जो क्षार तुम्ही विरघळवताय तीच ह्या दगडांची हाडं. आमच्या देव्हाऱ्याखाली छोटा संगमरवराचा तुकडा आहे, त्यावर हळदीचा डाग पडला म्हणून मी व्हिनेगर ओतून दहा मिनिटं ठेवलं. डाग तसाच, पण चकाकी गेली, आता तिथे हात फिरवला की खडबडीत लागतं. आई अजून रोज दिवा लावताना त्याच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे. तुमचा ओटा कशाचा आहे ते माहीत नसेल तर कडेला, दिसणार नाही अशा जागी लिंबाचा एक थेंब टाका, बारीक बुडबुडे आले की समजा आंबट बंद. लगेच पुसून टाका. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्सना फारशी भीती नाही.

४. रिठ्याचं पाणी, भांडी आणि कपड्यांसाठी

हे सगळ्यात सोपं, इथून सुरुवात करा.

शंभर ग्रॅम रिठ्याची टरफलं (बिया काढलेली) एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात मंद गॅसवर वीसेक मिनिटं उकळा, मोठ्या पातेल्यात, कारण उतू जातं आणि उतू गेलं की गॅसवर जो चिकटा होतो तो काढायला परत वेगळं क्लीनर लागतं. उकळताना वास काही खास नसतो, खिडकी उघडी ठेवा. थंड झालं की हाताने कुस्करा, गाळा. तपकिरी पाणी मिळेल, तेच लिक्विड. चोथा दुसऱ्यांदा थोड्या पाण्यात उकळून घेतला तर मोरी घासायला होतो.

रिठ्यात सॅपोनिन असतं, ते साबणासारखं तेल पाण्यात ओढून घेतं आणि जड पाण्यातही साबणासारखी साय धरत नाही, म्हणून आमच्यासारख्या टँकरवाल्यांना हे बरं पडतं.

आता अडचणी. पहिली, टिकत नाही. बाहेर ठेवलं तर आपल्या दमट हवेत तीन-चार दिवसांत आंबूस वास येतो, जून-जुलैत त्याहून लवकर. म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा, ट्रे वेगळा ठेवा, रोज दोन क्यूब काढा. फ्रिजमध्ये बाटलीत ठेवलं तर आठवडा जातो. बाटलीवर मोठं लिहा, रंग कोकम सरबताच्या जवळ जातो आणि घरात पाहुणे येतात.

दुसरी, डोळ्यात गेलं तर भयंकर चुरचुरतं, लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. फिश टँक असेल तर त्याच्या आसपास पण नको, सॅपोनिन माशांना मारतं.

तिसरी अडचण म्हणजे मावशी. आमच्याकडच्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "दादा, फेसच येत नाही ह्याला, धुतल्यासारखं वाटतच नाही." मी सॅपोनिनवर भाषण दिलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर पण काम आहे मला, ह्याच्यात दुप्पट वेळ जातो." आणि खरं होतं ते. चहा-नाश्त्याच्या भांड्यांना रिठा पुरतो, पण मटणाच्या कढईला नाही पुरत. मग आमचा तोडगा असा ठरला की तेलकट भांडी मी आदल्या रात्री गरम पाणी आणि चमचाभर धुण्याच्या सोड्यात भिजत टाकायची (ॲल्युमिनियमची सोडून), आणि मावशींच्या वाटीत रिठ्याच्या पाण्यात थोडं नेहमीचं लिक्विड घालायचं. बाटली महिन्याला एक लागायची ती आता तीन महिने जाते. ज्याला हे काम रोज दोन्ही वेळ करायचंय त्याला विचारल्याशिवाय घरात काही बदलू नका, एवढंच सांगेन.

कपड्यांसाठी रेशमी आणि लोकरीला रिठा उत्तम, पैठणीवाल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. पांढऱ्या शर्टाला मात्र माझ्याकडे पिवळट छटा आली. आणि मशीनमध्ये टरफलं सुटी टाकू नका, जुन्या मोज्यात गाठ मारून टाका, माझ्या मशीनच्या ड्रेन पंपातून मेकॅनिकने तीन तुकडे काढलेत.

५. बायोएन्झाइम, ज्याला तीन महिने लागतात

हे लादीसाठी, आणि सगळ्यात जास्त प्रश्न ह्याच्यावर येतात म्हणून सविस्तर.

थायलंडच्या डॉ. रोसुकॉन पूमपनवोंग यांचं नाव ह्या पद्धतीशी जोडलं जातं. त्याच्याबरोबर व्हॉट्सॲपवर जे फिरतं की ह्याने ओझोनचं भोक बुजतं वगैरे, ते सोडून द्या. होतं एवढंच की साली आणि गूळ पाण्यात आंबतात, आधी थोडं अल्कोहोल बनतं, मग त्याचं ॲसिटिक आम्ल, म्हणजे साधारण फळांचं व्हिनेगरच, त्यात सालीतलं तेल आणि वास उतरलेला. पुरेसं आंबट आणि थोडं तेल सोडवणारं, म्हणून लादीला छान, फक्त वर सांगितलेल्या संगमरवर-कडप्पा-कोट्याला नको.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: गूळ १, साली ३, पाणी १०, सगळं वजनाने.

दोन लिटरच्या बाटलीत १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, एक लिटर पाणी. पाच लिटरच्या कॅनमध्ये ३०० ग्रॅम गूळ, ९०० ग्रॅम साली, तीन लिटर पाणी. वर रिकामी जागा राहते ती मुद्दाम असते, ती भरायचा मोह नको.

साली कुठून आणायच्या. घरी रोज मोसंबी खाऊन ९०० ग्रॅम जमेपर्यंत पहिल्या सालीला बुरशी येते. मी तलावपाळीच्या बाजूच्या ज्यूसवाल्याला विचारलं, त्याने पहिल्यांदा संशयाने बघितलं, मग म्हणाला संध्याकाळी सातच्या आधी या नाहीतर कचऱ्यात जातं. पिशवी घेऊन गेलो, तीन किलो दिल्या, वर म्हणाला रोज या. मोसंबीची साल जाड, ती चांगली. थंडीत नागपुरी संत्र्यांचे दिवस असतात तेव्हा संत्र्याची घ्या, वास फार सुंदर येतो. लिंबाची पिळलेली सालं चालतात, पण मीठ लागलेली किंवा लोणच्यातली नको. केळं, पपई, भाजीची देठं टाकू नका, चालतं म्हणतात पण वास गटारीचा येतो, मी केलंय.

साली आणल्या की त्याच दिवशी धुवून बारीक तुकडे करा. गूळ कोमट पाण्यात विरघळवा, थंड होऊ द्या, मग साली. बाटली प्लॅस्टिकचीच, रुंद तोंडाची असेल तर उत्तम, नंतर साली काढायला सोपं. काचेची अजिबात नको. माझी काचेची बरणी होती, मे महिना, दोन दिवस गावाला गेलो, झाकण घट्ट. परत आलो तर बाल्कनीत काचा आणि भिंतीवर मोसंबी. घरात कोणी नव्हतं हे नशीब.

म्हणून पहिला महिना रोज एकदा झाकण सैल करून गॅस सोडायचा, फुस्स आवाज येतो, परत लावायचं. साली वर तरंगत असतील तर चमच्याने दाबा. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून एकदा पुरे. तिसऱ्यात नुसतं ठेवून द्या. उन्हात नको, ट्रॉलीखाली किंवा बाल्कनीच्या सावलीत. गावाला जायचं असेल तर झाकण फक्त टेकवून वर फडकं बांधून जा.

पांढरी पातळ साय आली तर घाबरू नका, ढवळून टाका. काळी किंवा हिरवी केसाळ बुरशी आली आणि वास सडका असेल तर टाकून द्या, उगाच जीव अडकवू नका. बुरशी किरकोळ असेल तर काढून मूठभर गूळ घालून बघा, माझं एकदा वाचलं, एकदा नाही.

नव्वद दिवसांनी फडक्यातून गाळा. तपकिरी, आंबट-गोड वासाचं पाणी. हे वर्षभर टिकतं.

तारखेचा हिशोब आधी करा. सगळ्यांना दिवाळीच्या साफसफाईला हवं असतं आणि आठवण होते गणपतीत. गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन दोन महिनेसुद्धा भरत नाहीत, होत नाही तेवढ्यात. आषाढी एकादशीच्या सुमारास भरलंत तर साबुदाण्याच्या खिचडीत पिळलेल्या लिंबाच्या सालीपासूनच सुरुवात करा, दिवाळीच्या आधी आरामात निघतं. घाई असेल तर पाव चमचा यीस्ट टाकून महिना-दीड महिन्यात करतात, पण मग पहिले चार-पाच दिवस गॅस इतका येतो की दिवसातून दोनदा झाकण उघडावं लागतं.

वापर: अर्धी बादली पाण्यात दोन-तीन झाकणं. ओट्याला स्प्रे करायचं तर एक भाग ह्याचा, दहा भाग पाणी. जास्त घट्ट मारलं तर लादी चिकट लागते आणि गुळाच्या वासाला मुंग्या येतात. उरलेल्या साली मिक्सरला लावून जळक्या पातेल्याला घासायला घ्या किंवा कुंडीत खत, पण कुंडीत ताज्या-ताज्या नको, आंबट असतात, आधी दुसऱ्या ओल्या कचऱ्यात कुजू द्या.

६. नळ, शॉवर, काच, किटली

सायट्रिक ॲसिड. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, स्प्रे बाटलीत. काचेच्या पार्टिशनवर मारा, दहा मिनिटं थांबा, जुन्या फडक्याने पुसा, पाणी मारा, कोरडं करा. नळाच्या तोंडाची टोपी जात नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हेच पाणी भरून नळाला रबरबँडने बांधा, अर्धा तास. रात्रभर ठेवू नका, क्रोमचा मुलामा जातो. सोनेरी किंवा काळ्या फॅन्सी नळांवर आधी कुठेतरी मागे करून बघा.

शॉवरचं तोंड फिरवून निघत असेल तर काढून बादलीत बुडवा, मग टाचणीने भोकं मोकळी करा. आमच्याकडे अंघोळीचं पाणी तिरकं यायचं ते सरळ झालं.

किटली: एक लिटर पाणी, एक मोठा चमचा सायट्रिक, उकळा, वीस मिनिटं तसंच ठेवा, ओता, दोनदा साधं पाणी उकळून ओता. गिझरच्या आत हे करायला जाऊ नका, तो मेकॅनिकचा प्रांत.

टीव्ही, मोबाईल, लॅपटॉपच्या स्क्रीनला आंबट काहीच नको, किंचित ओलं मऊ फडकं बास.

७. चिमणी आणि गॅसची शेगडी

इथे धुण्याचा सोडा. हातमोजे घाला, कडकडीत गरम पाणी एक लिटर, सोडा दोन मोठे चमचे, शेगडीच्या जाळ्या आणि बर्नरखालच्या ताटल्या अर्धा तास बुडवा. पिवळं तेल आपोआप वर येतं, बघायला समाधान वाटतं.

पण थांबा, चिमणीची जाळी कशाची आहे ते आधी बघा. बारीक विणलेली हलकी जाळी बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते, आणि धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो, काळी पडते. पट्ट्यापट्ट्यांचा जड स्टीलचा फिल्टर असेल तर चालेल. शंका असेल तर लोहचुंबक लावा, चिकटलं तर नक्की स्टील. नाही चिकटलं तर उलगडा होत नाही कारण काही स्टीलला पण चुंबक चिकटत नाही, मग रिठ्याचं गरम पाणी आणि धीर.

ओट्यामागच्या टाइल्सना खायचा सोडा तीन भाग आणि पाणी एक भाग अशी पेस्ट, लावा, पंधरा मिनिटं, घासणीने गोल फिरवा. वाळला की पांढरा पडतो म्हणून दोनदा पुसा.

८. देवाची भांडी

चिंच किंवा आमसूल भिजवून त्यात थोडं मीठ, चोळा, धुवा आणि लगेच कोरडं करा, ओलं राहिलं की हिरवट डाग येतात. शोपीसच्या पितळेवर बऱ्याचदा लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशसारखा थर असतो, त्याला हे नको. कोकम सरबत केल्यावर उरलेला चोथा ह्याला नंबर एक.

चांदीचं निरांजन, वाटी: भांड्यात तळाला ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर चांदी टेकवून ठेवा, चमचाभर खायचा सोडा, वरून उकळतं पाणी. काळं फॉइलकडे जातं, कुजक्या अंड्यासारखा वास येतो, तो बरोबर आहे. ऑक्सिडाइज्ड दागिने आणि खडे बसवलेलं काही ह्यात टाकू नका, मुद्दाम काळं केलेलं नक्षीकाम पांढरं होतं.

९. कुठे हे पुरत नाही

घरचं क्लीनर घाण काढतं, जंतू मारायची खात्री देत नाही. बायोएन्झाइमने लादी पुसली म्हणजे निर्जंतुक झाली असं कोणी म्हणालं तर मान हलवा आणि सोडून द्या. घरात उलट्या-जुलाबाचा पेशंट असेल, कच्चं चिकन ओट्यावर सांडलं असेल, तर आधी साबणाने धुवा आणि मग ब्लीच वापरा. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर लिटरभर पाण्यात २० मिली, पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. मिश्रण रोज ताजं करा, कालचं नको. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, आणि त्या दिवशी घरात सायट्रिकची बाटली उघडायची नाही.

कमोडमधल्या पिवळ्या थराला मी रात्री तीन-चार चमचे सायट्रिक टाकून सकाळी घासतो, बऱ्याचदा जातो. वर्षानुवर्षांचा असेल तर एकदा बाजारचं टॉयलेट क्लीनर आणून साफ करा, भरपूर फ्लश करा, आणि पुढच्या आठवड्यापासून सायट्रिकवर या.

घरात मांजर असेल तर टी ट्री वगैरे सुगंधी तेलं कुठल्याच क्लीनरमध्ये घालू नका, मांजरांना विषारी असतात. लादीवरून चालतं आणि पंजे चाटतं.

आमच्या सिंकखाली आता चार बाटल्या आहेत, त्यातली एक मावशींची, ती मी हलवत नाही. कुकर मावतो.